बाहेर ऊन, घरात कुत्रा: त्याच्या डोक्याला खुराक कसा द्यावा

कुत्रा पाळण्याविषयीची बरीचशी पुस्तके आणि चित्रफिती थंड देशांत तयार होतात, त्यामुळे 'खराब हवामान' म्हटले की त्यांत बर्फ आणि दिवसभराची रिपरिप येते. खानदेशात खराब हवामान म्हणजे आधी ऊन. एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसतो, धुळे-नंदुरबारलाही फारशी सुटका नसते आणि सकाळी नऊनंतर रस्त्यावर माणूससुद्धा नाइलाजानेच दिसतो. त्यानंतर येतो तो पाऊस, कोकणासारखा चार महिने संततधार नव्हे, पण पडतो त्या चार-सहा दिवसांत काळ्या मातीचा असा चिखल करून ठेवतो की पायवाटेने गेलेला कुत्रा चार बोटे उंच होऊन परत येतो. या दोन्ही काळांत कुत्रा घरात अडकतो, आणि पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते.

माझी परीक्षा पहिल्याच मे महिन्यात झाली आणि मी तीत सपशेल नापास झालो. आमच्याकडे भुरी नावाची गावठी कुत्री आहे. ती तेव्हा वर्षाची होती. एका सकाळी साडेनऊ वाजता मी तिला डांबरी रस्त्यावरून फिरवून आणले आणि संध्याकाळी ती पंजे चाटत बसली तेव्हा लक्षात आले की तळव्यांच्या गाद्या सोलल्या आहेत. मग आठवडाभर तिचे बाहेर जाणे बंद ठेवले. चौथ्या दिवशी तिने कूलरच्या जाळीतला वाळा ओढून घरभर पसरला, सहाव्या दिवशी पायपुसण्याच्या चिंध्या केल्या. मी तिच्यावर ओरडलो, पण तिला दिवसभर करण्यासारखे काहीही मी दिलेले नव्हते. तिने स्वतःसाठी काम शोधले, इतकेच.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चाललो आहे: पाय थकवता येत नसतील तेव्हा कुत्र्याचे नाक आणि डोके थकवावे, आणि त्यासाठी लागणारे साहित्य विकत आणण्याची गरज नाही, कारण ते रोज त्याच्या ताटलीत पडतच असते. पुढे जे सांगितले आहे ते या एका विचारावर उभे आहे.

पहिली पायरी: बाहेरची वेळ आधी नक्की करा

घरातले खेळ हे बाहेर जाण्याला पूर्ण पर्याय नाहीत. लघवी-शौचासाठी आणि जगाचा वास घेण्यासाठी कुत्र्याला रोज बाहेर न्यावेच लागते, फक्त वेळ बदलावी लागते. उन्हाळ्यात सूर्य उगवण्याच्या सुमारास, साधारण साडेपाच ते सात या वेळात त्याला फिरवून आणावे. संध्याकाळी मात्र घाई करू नये. सूर्य मावळला तरी डांबर आणि सिमेंट दिवसभराची धग बराच वेळ धरून ठेवतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाच ते सात सेकंद ठेवून पाहावी, आपल्याला सोसवत नसेल तर कुत्र्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. आमच्याकडे मे महिन्यात रात्री साडेआठ-नऊच्या आधी भुरी बाहेर पडत नाही, आणि मातीचा रस्ता मिळाला तर डांबर टाळतो.

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी वाफेच्या रूपात उडवून शरीर थंड करतो. आपला कूलरही याच तत्त्वावर चालतो, आणि म्हणून दोघांची अडचणही एकच आहे: हवा कोरडी असते तोवर दोघेही चांगले काम करतात, पण जूनच्या सुरुवातीला पावसापूर्वीचा दमट उकाडा सुरू झाला की दोघेही कुचकामी ठरू लागतात. त्या दिवसांत तापमापक चार अंश कमी दाखवत असला तरी कुत्र्याला मेपेक्षा जास्त जपावे. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना आणि हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांना तर दुपटीने जपावे लागते. खरे सांगायचे तर हस्की खानदेशात पाळूच नये, असे माझे मत आहे, पण ज्यांनी आधीच आणला आहे त्यांनी हा लेख दोनदा वाचावा.

दुसरी पायरी: कंटाळा ओळखा

चपला चावणे, फरशी किंवा गादी उकरणे, खिडकीपाशी बसून प्रत्येक सायकलीवर भुंकणे, घरातल्या माणसांच्या मागे-मागे फिरून हाताला नाक लावत राहणे, ही कंटाळ्याची नेहमीची लक्षणे आहेत. एकच पंजा सतत चाटणे हे कंटाळ्याचे लक्षण असू शकते, पण ते गोचीड, बुरशी किंवा जखमेचेही असू शकते, तेव्हा आधी बोटांच्या मधली जागा नीट पाहावी आणि शंका असल्यास पशुवैद्यकाला दाखवावे. एरवी उड्या मारणारा कुत्रा अचानक मलूल पडून राहत असेल, तर तेही कंटाळा समजून सोडून देऊ नये.

तिसरी पायरी: ताटली बाजूला ठेवा

हे सर्वांत मोठे काम आहे आणि सर्वांत सोपेही. आपण ताटली भरून पुढे ठेवतो आणि कुत्रा दीड मिनिटात ती चाटूनपुसून मोकळा होतो. उरलेला दिवस तो काय करणार? तेच अन्न मिळवायला त्याला पंधरा-वीस मिनिटे शोधावे, उलगडावे, चाटावे लागले, तर त्या एका जेवणातून त्याचे पोटही भरते आणि डोकेही दमते.

आरंभ विखुरण्यापासून करावा. दिवसाच्या खाद्याचा तिसरा भाग बाजूला काढावा. कोरडे तयार खाद्य देत असाल तर तेच घ्यावे. घरचे अन्न देत असाल तर ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीचे बोटाच्या पेराएवढे वाळके तुकडे, उकडलेल्या अंड्याच्या फोडी, उकडलेल्या कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे चालतात. वजन वाढू द्यायचे नसेल त्यांनी साधे, बिनमिठाचे मुरमुरे वापरावेत. ते हलके असतात, मूठभर टाकले तरी कुत्र्याला पंधरा मिनिटांचे काम पुरते. येथे मुरमुरेच म्हटले आहे, भत्ता नव्हे, कारण भत्त्यात कांदा आणि मिरची असते. हे तुकडे प्रथम कुत्र्याच्या डोळ्यांसमोर सतरंजीवर टाकावेत आणि 'शोध' हा शब्द उच्चारावा. दोन दिवसांनी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवून ते टाकावेत. आठवड्याने खुर्चीच्या पायामागे, दाराच्या कोपऱ्यात, पालथ्या टोपलीखाली असे ठेवावेत.

त्यानंतर उलगडण्याचे काम द्यावे. जुना पंचा किंवा टॉवेल जमिनीवर पसरून त्यावर तुकडे टाकावेत आणि त्याची सैल गुंडाळी करावी. कुत्रा ती नाकाने ढकलून उघडतो. तीन-चार दिवसांत ते जमले की गुंडाळी घट्ट करावी, मग तिला एक सैल गाठ मारावी. लोखंडी आप्पेपात्र या कामासाठी फार उत्तम आहे, कारण ते जड असल्याने घसरत नाही. त्याच्या खळग्यांत तुकडे टाकून वर टेनिसचे चेंडू ठेवले की कुत्र्याला एकेक चेंडू बाजूला सारून खाली पाहावे लागते. चेंडू मात्र कुत्र्याच्या घशात जाणार नाही एवढा मोठा हवा, लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डच्या बाबतीत छोटे प्लास्टिकचे चेंडू मुळीच वापरू नयेत.

उन्हाळ्यात चाटण्याचे काम सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण ते थंडही असते आणि शांतही करते. स्टीलच्या पसरट ताटलीत दही किंवा दहीभात पातळ पसरावा, त्यात उकडलेल्या लाल भोपळ्याचा गर मिसळावा आणि ताटली तीन-चार तास बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. गोठलेला थर चाटायला कुत्र्याला वीस मिनिटे तरी लागतात. आतून पोकळ असलेले जाड रबरी खेळणे बाजारात मिळते, 'काँग' या नावाने दुकानदार ते ओळखतात, त्यातही हेच मिश्रण भरून गोठवता येते. विकत घ्यायचीच असेल तर ही एकच वस्तू घ्यावी, असे मी सुचवेन. रावेर-यावलच्या मुलखात केळी स्वस्त असतात म्हणून अनेक जण कुत्र्याला अख्खे केळे देतात. केळे चालते, पण त्यात साखर भरपूर असते. मध्यम कुत्र्याला दिवसाकाठी दोन-तीन चकत्या पुरेत, आणि त्या वेगळ्या न देता दह्यात कुस्करून गोठवाव्यात. बिया आणि साल काढलेल्या टरबुजाच्या फोडीही चालतात.

येथे नवखे लोक दोन चुका करतात. पहिली चूक म्हणजे हे सगळे नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त देणे. मग दोन महिन्यांत कुत्रा पिंपासारखा होतो. खाऊ म्हणून दिलेल्या पदार्थांतून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून जास्त जाऊ नये, आणि बाकीचे काम रोजच्या खाद्यातूनच करून घ्यावे. दुसरी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी कठीण कोडे देणे. मी भुरीला पहिल्यांदा घट्ट गाठ मारलेला टॉवेल दिला होता. तिने तो मिनिटभर हुंगला, माझ्याकडे पाहिले आणि जाऊन झोपली, आणि पुढे आठ दिवस टॉवेलकडे ढुंकूनही पाहिले नाही. कुत्रा खेळण्यावर भुंकू लागला, पंजा मारून निघून गेला किंवा कापडच चावून गिळू लागला, तर काम अवघड झाले आहे असे समजावे आणि एक पायरी खाली यावे.

घरात दोन कुत्री असतील तर ही कामे वेगवेगळ्या खोल्यांत आणि दार लावून द्यावीत. एरवी गळ्यात गळा घालून झोपणारी कुत्रीही अन्नावरून भांडू शकतात. लहान मुलांनी या वेळी कुत्र्याजवळ जाऊ नये, आणि मोठ्यांनीही त्याच्या तोंडातले काही हिसकावून घेऊ नये. काढून घ्यायचेच असेल तर त्याहून चांगला तुकडा पुढे करून अदलाबदल करावी.

चौथी पायरी: नाकाला काम द्या

कुत्र्याच्या नाकात जातीनुसार सुमारे १० ते ३० कोटी गंधग्राही पेशी असतात, माणसाच्या नाकात त्या ५०-६० लाखांच्या आसपास असतात. आपण घरात शिरल्यावर वरणाला फोडणी दिली आहे एवढेच ओळखतो, कुत्र्याला त्या फोडणीतले जिरे, हिंग आणि तेल वेगवेगळे कळतात. त्यामुळे दहा मिनिटांच्या हुंगण्याच्या कामाने कुत्रा जितका शांत होतो तितका अर्ध्या तासाच्या चेंडूफेकीने होत नाही, हा माझा आणि कुत्री शिकवणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे. चेंडूफेकीने तो दमतो, पण उत्तेजितही होतो, आणि बंद घरात उत्तेजित कुत्रा नकोच असतो.

सुरुवात दोन मुठींनी करावी. एका मुठीत तुकडा ठेवून दोन्ही मुठी पुढे कराव्यात. कुत्रा योग्य मुठीवर नाक टेकवून क्षणभर थांबला की मूठ उघडावी. त्याने चुकीच्या मुठीला नाक लावले तर ती उघडून रिकामी दाखवावी, रागवू नये. हे जमल्यावर तीन स्टीलच्या वाट्या पालथ्या घालाव्यात, एकीखाली तुकडा ठेवावा आणि वाट्या हळूच सरकवून त्यांच्या जागा बदलाव्यात. बहुतेक कुत्री प्रथम डोळ्यांनी पाठलाग करतात आणि चुकतात, मग एके दिवशी डोळ्यांचा नाद सोडून नाक लावतात. तो क्षण पाहण्यासारखा असतो.

पुढची पायरी एखाद्या ठरावीक वासाची. एका कापडी चिंधीला लवंग किंवा दालचिनी बांधून रात्रभर डबीत ठेवावी, जेणेकरून वास चिंधीला लागेल, आणि मग लवंग-दालचिनी काढून केवळ चिंधी वापरावी. कुत्र्याने चिंधी हुंगली की लगेच तुकडा द्यावा. दहा-बारा वेळा असे केल्यावर त्याच्या ध्यानात येते की हा वास सापडला की खाऊ मिळतो. मग चिंधी सतरंजीच्या कोपऱ्याखाली, शेल्फच्या खालच्या कप्प्यात, बादलीमागे लपवावी. तीव्र तेले, कापूर आणि डांबराच्या गोळ्या या कामासाठी कधीही वापरू नयेत, त्या विषारी आहेत.

ओसरी किंवा वट्टा असलेल्या घरात याच खेळाचा मोठा प्रकार खेळता येतो. घरातल्या एका माणसाने दुसऱ्या खोलीत किंवा जिन्याखाली लपावे आणि दुसऱ्याने कुत्र्याला सोडून 'शोध' म्हणावे. सापडल्यावर लपलेल्यानेच खाऊ द्यावा. मे महिन्याच्या सुट्टीत घरात मुले असतात, त्यांच्याही वेळेचा प्रश्न यातून सुटतो. मुले आणि कुत्रा यांत जास्त कोण कंटाळले आहे हे ठरवणे अनेकदा अवघड असते.

पाचवी पायरी: शब्द आणि कृती शिकवा

पाच मिनिटांची शिकवणी, दिवसातून तीन वेळा, हे प्रमाण पुरेसे आहे. त्याहून लांबवली की कुत्र्याचे लक्ष उडते आणि शिकवणाऱ्याचा आवाज चढतो. पद्धत साधी आहे: हवी ती कृती झाली त्याच क्षणी 'हो' किंवा 'शाब्बास' असा एकच ठरावीक शब्द उच्चारावा आणि दोन सेकंदांच्या आत तुकडा द्यावा. तो शब्द कुत्र्याला नेमके काय बरोबर झाले ते सांगतो.

खानदेशातल्या घरांत येथे एक गमतीची अडचण येते. वडील कुत्र्याला 'बस' म्हणतात, शेजारी 'बैठ' म्हणतात, मुलगा चित्रफीत पाहून 'सिट' म्हणतो आणि आजी अहिराणीत 'आठे ये' म्हणून बोलावते तेव्हा मुलगी 'कम' म्हणून ओरडत असते. कुत्र्याला भाषेचे वावडे नाही, पण एका कृतीला दोन-तीन शब्द असले की तो त्या सगळ्याच शब्दांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. तेव्हा शिकवणी सुरू करण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून शब्द ठरवावेत आणि कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवावेत. आमच्या घरात आजीचा 'आठे ये' जिंकला, कारण भुरी तिच्याच हाकेला धावत असे.

पहिल्या आठवड्यात 'बस' आणि 'हाताला नाक लाव' या दोन गोष्टी घ्याव्यात. दुसऱ्या आठवड्यात 'जागेवर' शिकवावे, म्हणजे गोणपाट किंवा जुनी गोधडी अंथरून कुत्र्याने त्यावर जाऊन पडावे. या एका शब्दाचा उपयोग बारा महिने होतो: दार वाजल्यावर, पाहुणे जेवायला बसल्यावर, फरशी पुसत असताना. तिसऱ्या आठवड्यापासून खेळण्यांची नावे शिकवता येतात. एका वेळी एकच खेळणे पुढे ठेवून 'दोरी आण' म्हणावे, ते पक्के झाल्यावर दुसरे खेळणे शेजारी ठेवावे. अमेरिकेत जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ वस्तूंची नावे शिकवली आणि २०११ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी यासाठी तीन वर्षे रोज काही तास दिले होते. आपल्याला चार-पाच नावे आली तरी पाऊस पडून जातो.

शिकवताना मार आणि ओरडा वर्ज्य मानावा. हे भावनेपोटी सांगत नाही. घाबरलेला कुत्रा नवे काही करून पाहायचे थांबवतो, आणि करून पाहणे थांबले की शिकणेही थांबते.

सहावी पायरी: चावायला, फाडायला द्या

चावणे ही कुत्र्याची गरज आहे, त्यामुळे काय चावू नये हे सांगण्याबरोबर काय चावावे हेही द्यावे लागते. पुठ्ठ्याची खोकी, अंड्यांचे कागदी ट्रे, जाड कागदाच्या नळ्या यांत तुकडे घालून तोंड मुडपून द्यावे. पिना, चिकटपट्टी आणि प्लास्टिक आधी काढून टाकावे. कुत्रा कागद फाडून टाकत असेल तर उत्तम, गिळत असेल तर हा प्रकार बंद करावा. दोरीची ओढाओढ घरात चालते, पण शहाबादी फरशीवर किंवा गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे पाय फाकतात आणि सांधे दुखावतात, म्हणून सतरंजी अंथरावी. चेंडू टाकायचाच असेल तर जमिनीलगत घरंगळत सोडावा.

काय देऊ नये

येथे थोडे थांबून सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरातल्या काही वस्तू कुत्र्याला घातक आहेत. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. म्हणजे भरीत, शेवभाजी आणि कांदा-लसणाची फोडणी असलेले वरण बाद झाले. पातीचा कांदा घातलेले भरीत तर मुळीच नाही. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट विषारी आहे. शेंगदाण्याच्या तयार लोण्यात झायलिटॉल नावाचा गोडवा असू शकतो, तो तर अगदी थोडासाही धोकादायक, त्यामुळे डबीवरची यादी वाचावी किंवा घरी भाजलेल्या बिनमिठाच्या शेंगदाण्याचा कूट करून तोच चिमूटभर वापरावा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी आमरस होतो आणि कोयी अंगणात पडतात. कुत्रा त्या चघळतो हे खरे, पण अख्खी कोय गिळली तर ती आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा दांडा नेमका हाच प्रकार करतो. शिजवलेल्या हाडांच्या चिरफळ्या होतात, तीही देऊ नयेत. गोठ्यातल्या सरकी ढेपेपासून कुत्र्याला दूर ठेवावे. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांना ते बरेच सोसते, कुत्र्याला सोसत नाही.

सातवी पायरी: झोपू द्या

उत्साही नवख्यांना हे पटत नाही. प्रौढ कुत्रा चोवीस तासांत बारा ते चौदा तास झोपतो, पिल्लू अठरा ते वीस तास. घरात अडकला म्हणून त्याला तासातासाला खेळवत राहिले तर तो चिडचिडा होतो आणि सतत करमणूक मागायला शिकतो. आमच्या घरी मे महिन्यात सकाळच्या फेरीनंतर विखुरलेले जेवण, दहाच्या सुमारास पाच मिनिटांची शिकवणी, मग दुपारी एकपर्यंत कूलरसमोर झोप, दीडला गोठवलेली ताटली, पुन्हा झोप, पाचला वाट्यांचा किंवा चिंधीचा खेळ आणि रात्री फेरी, एवढेच चालते. मधल्या वेळात भुरी काहीच करत नाही आणि मीही तिला काही करायला लावत नाही. खेळणी सगळी एकदम पसरून ठेवू नयेत. दोन बाहेर आणि बाकी कपाटात ठेवून दर तीन-चार दिवसांनी बदलली, तर जुनी दोरीही तिला नवी वाटते.

दुपारी वीज जाते हे गृहीत धरून तयारी ठेवावी. धाब्याच्या जुन्या घरात तळमजल्याची खोली गार असते, पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छताखाली वीज गेल्यावर अर्ध्या तासात भट्टी होते. अशा वेळी कोणताही खेळ थांबवावा, ओले गोणपाट अंथरून कुत्र्याला त्यावर पडू द्यावे आणि पाणी जवळ ठेवावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४०च्या वर गेले, धाप थांबेना, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली किंवा तो झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात आहे. सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, पंख्यासमोर धरावे, ओल्या टॉवेलात गुंडाळून मात्र ठेवू नये, कारण आतली उष्णता कोंडते, आणि हे करत असतानाच पशुवैद्यकाकडे निघावे.

वावटळ आणि गडगडाट

मे अखेरीस वळवाचा पाऊस येतो तो वारा आणि कडकडाट घेऊन. केळीच्या बागा आडव्या करणारा तो वारा कुत्र्याच्या मनालाही आडवा करतो. अनेकदा ढग आपल्याला दिसायच्या आधी त्याची अस्वस्थता दिसते. पलंगाखाली किंवा कपाटामागे जायचे असेल तर जाऊ द्यावे, बाहेर ओढू नये. तेथेच त्याची गोधडी टाकावी, खिडक्या लावून पंखा सुरू करावा, म्हणजे आवाज दबतो. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. तो जवळ आला तर हात फिरवावा. चाटण्याची ताटली पुढे ठेवून पाहावी, तो खात असेल तर भीती आटोक्यात आहे. खात नसेल तर खेळ आणि शिकवणी त्या दिवसापुरती विसरावी.

पुढच्या वर्षासाठी तयारी थंडीत करता येते. ढगांच्या गडगडाटाची ध्वनिफीत अगदी बारीक आवाजात लावून त्याच वेळी कुत्र्याला चांगला खाऊ द्यावा आणि आवाज काही आठवड्यांत थोडा-थोडा वाढवावा. कुत्र्याने कान मागे पाडले की आवाज पुन्हा कमी करावा. दिवाळीच्या फटाक्यांसाठीही हीच पद्धत वापरता येते, मात्र ती दसऱ्याला सुरू करून उपयोग नाही, दोन-तीन महिने आधी करावी.

पाऊस उघडल्यावर

आठवडाभर घरात राहिलेल्या कुत्र्याला पहिल्या उघडिपीला बाहेर नेताना अंतर मोजू नये. साखळी सैल सोडावी, तो ज्या खांबापाशी थांबेल तेथे थांबावे आणि त्याला हवे तेवढे हुंगू द्यावे. अर्ध्या तासात शंभर पावलेच झाली तरी चालतील. साचलेल्या डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये, उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. घरी आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करावी, आणि कानांच्या आत, बगलेत, शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवून गोचीड आहे का ते पाहावे, कारण पावसाळ्यात त्यांचा सुळसुळाट असतो आणि त्यांच्यामार्फत ताप पसरतो. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, तेल किंवा रॉकेल लावू नये. ही तपासणी चालू असताना कुत्रा स्वस्थ राहत नसेल, तर गोठवलेली ताटली त्याच्या पुढ्यात ठेवून पाहावी. भुरी तेवढ्या वेळात चारही पंजे तपासू देते.